पेपर कोण काढतो ते आधी सांगा

रात्री पावणेबाराला भाच्याचा फोन. एवढ्या रात्री फोन वाजला की आपल्या पोटात गोळाच येतो, पण पलीकडून आवाज एकदम खुशीत, "मामा, एकशे सत्तेचाळीस!" मला आधी वाटलं कुणाचं बीपी सांगतोय. मग कळलं की त्याने स्वतः लिहिलेलं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम (पोरगा कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि अभ्यास सोडून हेच धंदे चालू असतात असं माझ्या बहिणीचं म्हणणं) नेटवर फुकट मिळणाऱ्या एका जुन्या इंजिनाशी २० डाव खेळलं आणि १४–६ ने जिंकलं. २० पैकी १४ म्हणजे ७० टक्के, ७० टक्क्यांचा इलो (म्हणजे दोघांच्या रेटिंगमधला फरक) काढला की १४७ येतात, झालं, याचं इंजिन त्या जुन्यापेक्षा १४७ पॉइंटांनी भारी. कॉलेजच्या ग्रुपवर टाकूनही मोकळा झाला होता.

डाव पाठव म्हटलं. पाठवले. मी म्हातारपणाकडे झुकलेला माणूस, झोप तशीही येत नाही, म्हणून चहा टाकला आणि एकेक डाव उघडून बघत बसलो. १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव. आठव्या डावाला मला वाटलं हा मघाशी पाहिलाय की. परत मागे गेलो, तर खरंच, तिसरा आणि आठवा डाव एकच. मग अकरावा. मग अजून दोन. १२ पैकी ५ विजय म्हणजे पहिल्या चालीपासून मातेपर्यंत अक्षरशः एकच डाव, पाच वेळा छापलेला. झालं होतं असं की त्या जुन्या इंजिनाला त्याने कुठूनतरी डाऊनलोड केलेलं गॅम्बिटवालं, म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन टाकणाऱ्या चालींचं, ओपनिंग बुक जोडलं होतं, आणि ते पुस्तक काळ्याकडून सारखं लॅटव्हियन गॅम्बिटमध्ये घुसत होतं, म्हणजे दुसऱ्याच चालीत राजाशेजारच्या उंटापुढचं 'एफ'चं प्यादं दोन घरं ढकलायचं. चांगल्या खेळाडूंनी हे ओपनिंग कधीच टाकून दिलंय. सहाव्या चालीपर्यंत काळ्याचा वजीर दोनदा हललेला, आणि घोडे, उंट सगळे अजून घरीच बसलेले. पुस्तक तिथे संपायचं आणि मग त्या बिचाऱ्या इंजिनाला पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने विचार करायची संधी मिळायची, तोवर घर जळालेलं. शिवाय भाच्याने दोन्ही इंजिनं एका थ्रेडवर (म्हणजे प्रोसेसरची एकच रांग) आणि चालीमागे ठरलेले नोड (म्हणजे तपासायच्या पोझिशन) मोजून चालवली होती, त्यामुळे पोझिशन तीच आली की चाल तीच, चाल तीच की डाव तोच.

म्हणजे एकच डाव पाचदा मोजला. तो एकदाच धरला तर १६ डावांत १० गुण, ६२.५ टक्के, इलो ८९. ती लॅटव्हियनची लाईन पूर्णच काढली तर १५ डावांत ९, इलो ७०. आणि इतक्या कमी डावांत चुकीची मर्यादा एवढी मोठी असते की याचं इंजिन भारी आहे असंसुद्धा छातीठोक म्हणता येत नाही. एकशे सत्तेचाळीसचा फुगा अर्ध्या तासात फुटला. सकाळी सांगितलं तर म्हणतो, "मग मामा, बुक बंद करून खेळवतो ना, सोप्पंय."

सोपं नाहीये ते. आणि हेच लिहायचंय, कारण "बुक बंद केलं की टेस्ट फेअर झाली" हा समज फक्त माझ्या भाच्याचा नाहीये, चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांचाही आहे.

आधी पुस्तक म्हणजे काय ते. इंजिनाचं ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची साठवलेली यादी, अमुक पोझिशन आली की तमुक चाल खेळ, विचार करू नकोस. आपल्याकडच्या मुलांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर गाईड. दहावीच्या पोराने गाईडमधला निबंध घोकून जसाच्या तसा उतरवला आणि १५ पैकी १३ मिळाले, तर ते १३ मार्क कुणाचे, पोराचे की गाईड लिहिणाऱ्याचे? इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न विनोदाचा नाहीये, कारण पुस्तक बहुतेक वेळा वेगळाच माणूस बनवतो, आणि त्याने चांगलं काम केलं की रेटिंग इंजिनाच्या नावावर चढतं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण घ्या. ११ मे १९९७, न्यूयॉर्क, जगज्जेता कास्पारोव विरुद्ध आयबीएमचा कॉम्प्युटर डीप ब्लू, सहावा आणि शेवटचा डाव. कास्पारोवने कारो-कान नावाचं ओपनिंग खेळताना सातव्या चालीत 'एच'चं प्यादं एक घर पुढे केलं आणि डीप ब्लूने आठव्या चालीत ई-६ वरचं प्यादं मारून घोडा देऊन टाकला. १९ चालींत डाव खलास, मॅच ३.५–२.५. जगभर ओरडा झाला की मशीनने माणसासारखा बळी दिला. पण तो घोडा मशीनने विचार करून दिलाच नव्हता, ती चाल पुस्तकातली होती, आणि ते पुस्तक तयार करायला जोएल बेंजामिन, मिगेल इलेस्कास यांच्यासारखे ग्रँडमास्टर बसले होते. तेव्हाची मशीनं असला दूरचा हिशोब धरून घोडा सहसा सोडत नसत. आता डीप ब्लू भारी नव्हतं असं मी म्हणत नाहीये, बाकीच्या डावांत ते खेळलंच की. पण इतिहासातल्या सगळ्यात प्रसिद्ध कॉम्प्युटर डावातली निर्णायक चाल माणसांनी आधीच लिहून ठेवलेली होती, एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर मग पुस्तक बंद. दोघांनाही. सुरुवातीच्या पोझिशनपासून खेळा, ज्याचं त्याचं डोकं. ऐकायला किती न्याय्य वाटतं ना?

डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने नेमकं हेच केलं. त्यांचं स्वतःच शिकणारं अल्फाझीरो विरुद्ध तेव्हाचं अव्वल इंजिन स्टॉकफिश ८, १०० डाव, २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव शून्य. बातम्यांचा पाऊस पडला, चार तासांत बुद्धिबळ शिकून जगज्जेत्याला धुतलं वगैरे. इंजिनवाल्या लोकांनी मग हरकती काढल्या, आणि त्या रास्त होत्या: स्टॉकफिशला चालीमागे सरसकट एक मिनिट दिलेलं, म्हणजे वेळ कुठे वाचवायचा आणि कुठे खर्च करायचा हे त्याचं कसब वायाच, ६४ थ्रेडना हॅश मेमरी (आधी तपासलेल्या पोझिशन लक्षात ठेवायची जागा) फक्त १ जीबी, म्हणजे लग्नाला हजार माणसं आणि पातेलं एकच, व्हर्जन वर्षभर जुनं. आणि चौथी, पुस्तक नाही.

या चौथ्या हरकतीवर लोक अजून भांडतात. एक बाजू म्हणते दोघांनाही पुस्तक नव्हतं, मग अन्याय कसला? मला ही बाजू पटत नाही. अल्फाझीरो जे शिकलं ते स्वतःशी लाखो डाव खेळून, आणि ते डाव सुरू कुठून होत होते, तर त्याच सुरुवातीच्या पोझिशनपासून. म्हणजे पहिल्या दहा-बारा चालींच्या पोझिशन त्याने इतक्या वेळा पाहिल्या होत्या की त्याच्या नेटवर्कच्या आत पुस्तकच तयार झालं होतं, वेगळी फाइल नव्हती एवढंच. स्टॉकफिश ८ मात्र त्या काळातलं इंजिन, त्याच्या डोक्यात ओपनिंगबद्दल फारसं काही नाही, कारण ते काम पुस्तकाचं असं धरूनच ते लिहिलेलं. मग एका मुलाचं गाईड दप्तरातून काढून घेतलं, दुसऱ्याने ते आधीच पाठ केलेलं, आणि सुपरवायझर म्हणतोय बघा हॉलमध्ये कुणाकडेच पुस्तक नाही!

गंमत म्हणजे डीपमाइंडच्या त्याच शोधनिबंधात दुसरं एक कोष्टक होतं, ज्याच्याकडे मथळेवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही. माणसांमध्ये लोकप्रिय अशी १२ ओपनिंगं घेऊन प्रत्येकातून १०० डाव, निम्मे पांढऱ्याकडून निम्मे काळ्याकडून, एकूण १,२००. तिथे निकाल २९० विजय, ८८६ बरोबरी, २४ पराभव. पहिल्या मॅचचा इलो काढला तर बरोब्बर १०० येतो, या दुसऱ्याचा साधारण ७८. १०० डावांवरून हा फरक खरा आहे की नशिबाचा ते ठरत नाही, तो माझा दावा नाहीच. पण 'शून्य पराभव' हे जे काही अजिंक्यपणाचं चित्र उभं राहिलं ते फक्त आपल्या आवडीच्या ओपनिंगमधून खेळल्यावर. दुसऱ्याने ओपनिंग ठरवून दिल्यावर हरायला लागलंच ना ते, थोडं का होईना. डीपमाइंडला श्रेय द्यायला पाहिजे की २०१८ च्या शेवटी आलेल्या पुढच्या शोधनिबंधात त्यांनी बऱ्याच गोष्टी सुधारल्या, १,००० डाव, तीन तासांचा वेळ, ३२ जीबी हॅश, टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेतल्या ओपनिंगमधून वेगळे डाव, आणि पुस्तक दिलेल्या स्टॉकफिशशीसुद्धा मॅच. तरी अल्फाझीरोच जिंकलं, १,००० मध्ये १५५ विजय, ६ पराभव. म्हणजे निष्कर्ष बरोबरच होता, पहिली परीक्षा मात्र ढिसाळ होती.

तर माझं म्हणणं असं: पुस्तकाचा प्रभाव काढायचा तर पुस्तक बंद करून भागत नाही. ओपनिंग ठरवायचा हक्कच परीक्षा देणाऱ्याच्या हातातून काढून घ्यायला लागतो. पेपर परीक्षकाने काढायचा, दोघांना तोच द्यायचा, बाजू बदलून दोनदा सोडवायला लावायचा, आणि असे पेपर दहा-वीस नाही, शेकड्या-हजारांनी पाहिजेत.

ही काही माझी अक्कल नाही, ग्रँडमास्टर जॉन नन यांनी गेल्या शतकातच १० पोझिशन निवडून दिल्या होत्या, ओपनिंग संपून मधला डाव सुरू होतो अशा, प्रत्येक पोझिशन दोन्ही बाजूंनी खेळायची, २० डाव. कल्पना एकदम फक्कड. त्या काळच्या मशीनांवर तेवढंच परवडत असणार. पण २० डावांत काय होतं ते आपण भाच्याच्या बाबतीत पाहिलं. आणि दहाच पोझिशन, त्याही जगाला माहीत, मग एखाद्याने रात्रभर बसून त्या दहाचीच तयारी करून यायला कुणाची मनाई? पोझिशन आयत्या देऊन "चांगली चाल शोध" म्हणणारे टेस्ट-सेटही असतात, १९८२ चा ब्रॅटको-कोपेक सेट २४ पोझिशनचा होता. त्यातून चाल सापडते का ते कळतं, डाव जिंकता येतो का ते कळत नाही, एवढं बोलून पुढे जातो.

डावांच्या संख्येवर मात्र थोडं थांबायलाच पाहिजे कारण लोक इथेच गंडतात. समजा दोन इंजिनं जवळपास सारखी आहेत आणि निम्मे डाव बरोबरीत सुटतात. १०० डाव खेळवले तर चुकीची मर्यादा दोन्हीकडे साधारण ५० इलो. १,००० खेळवले तर १५. १०,००० तर ५. मर्यादा निम्मी करायला डाव चौपट लागतात, यात कुणाची ओळख चालत नाही. म्हणून स्टॉकफिशवाल्यांनी २०१३ पासून फिशटेस्ट नावाची व्यवस्था उभी केली, जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर फुकटात देतात आणि कोडमधल्या एकेका छोट्या बदलासाठी हजारो डाव होतात, का तर बदलाची किंमत एक-दोन इलो. आणि आमचा पठ्ठ्या २० डावांवर १४७ जाहीर करतो. (नुसतं त्यालाच का बोला, मी स्वतः चाळिशीत असताना १० डावांवर एका इंजिनाला दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरवून मित्राशी चार दिवस बोललो नव्हतो.)

बरं, आता एवढे डाव खेळवायचे तर एवढ्या वेगवेगळ्या सुरुवाती लागणार. रेटिंग यादीवाले लोक इथे समान पुस्तक वापरतात. सीसीआरएल या यादीत इंजिनाचं स्वतःचं पुस्तक चालत नाही, दोघांनाही सारखंच सर्वसाधारण पुस्तक, जास्तीत जास्त १२ चालींपर्यंत. याच्या उलट स्वीडनची एसएसडीएफ, फार जुनी आणि फार मानाची यादी, तिथे प्रोग्रॅम आपापलं पुस्तक आणि हरल्यावर शिकायची सोय घेऊन उतरायचे. त्यातून 'किलर बुक' नावाचा प्रकार निघाला. समोरचा प्रोग्रॅम ठराविक चाल ठराविकच खेळतो हे हेरून, घरी त्याच्याशी शेकडो डाव खेळवून, तो नेमका कुठल्या लाईनमध्ये फसतो ते शोधायचं आणि ती लाईन पुस्तकात घालून ठेवायची. लॅटव्हियन गॅम्बिटवाला अपघात, पण मुद्दाम घडवलेला. यादीत नंबर वर, खरी ताकद आहे तिथेच. मला विचाराल तर हा त्या काळातल्या रेटिंगवरचा सगळ्यात मोठा डाग, आणि त्यात कायदा कुणीच मोडला नव्हता, म्हणून तर जास्तच वाईट.

टीसीईसीमध्ये पद्धत वेगळी. सुपरफायनल १०० डावांची, ५० ओपनिंगं, प्रत्येक ओपनिंग बाजू बदलून दोनदा, आणि ओपनिंग निवडतो तिसराच माणूस, बरीच वर्षं येरून नोमेन. हे जवळपास मला हवं तसंच. पण तिथे नवाच रोग झाला: बरोबरी. २०१९ च्या सुरुवातीला चौदाव्या सीझनची फायनल स्टॉकफिशने लीला या अल्फाझीरोच्या धर्तीवरच्या इंजिनाविरुद्ध ५०.५–४९.५ अशी काढली, १० विजय, ९ पराभव, ८१ बरोबरी. आजची इंजिनं तर अजून पुढे गेलीत, समतोल पोझिशन दिली की दोघं हातात हात घालून बरोबरीकडे चालायला लागतात, तास गेले, वीज गेली, माहिती शून्य.

म्हणून मग मुद्दाम तिरक्या पोझिशन द्यायला लागले, जिथे पांढऱ्याचं पारडं स्पष्ट जड आहे पण जिंकेलच याची खात्री नाही, अगदी जिंकणं आणि बरोबरी यांच्या सीमेवर. श्टेफान पोल यांनी माणसांच्या डावांतून असल्या असमतोल ओपनिंगांचे मोठे संच बनवले आणि फिशटेस्टनेही तसले संच घेतले. यावर हमखास येणारी तक्रार म्हणजे "हे कसलं फेअर, एकाला आधीच अर्धा डाव हरवून बसवलंय". अहो पण बाजू बदलून दोनदा खेळतात ना! खेळपट्टी खराब असली तरी दोन्ही टीम त्याच खेळपट्टीवर बॅटिंग करणार. दोघांनीही पांढऱ्याकडून जिंकलं तर १–१, जोडी फुकट गेली. दोघांनीही काळ्याकडून वाचवलं तरी १–१. पण एकाने पांढऱ्याकडून जिंकलं आणि काळ्याकडून वाचवलं, दुसऱ्याला ते जमलं नाही, तर दीड–अर्धा, आणि या एका जोडीत समतोल ओपनिंगच्या कित्येक जोड्यांएवढी माहिती आली. फक्त हिशोब करताना जोडीला जोडी म्हणूनच मोजायचं, सुटे डाव मोजले तर एकाच ओपनिंगमधले दोन डाव एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं आपण समजून चालतो, आणि ते खोटं असतं. मी या तिरक्या ओपनिंगांच्या बाजूने आहे. दिसायला अन्याय्य, मोजायला चोख.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. या तिरक्या पोझिशन निवडायच्या तर कुणीतरी ठरवायला लागतं की पारडं नेमकं किती जड आहे. ते ठरवतं कोण? इंजिनच. आणि कुठलं इंजिन, तर बहुतेक वेळा जे सगळ्यात वर आहे तेच. म्हणजे पहिल्या नंबरचा मुलगा पेपर काढून देतो आणि मग त्याच वर्गात परीक्षेला बसतो. त्याच्या नजरेला सीमेवरची दिसणारी पोझिशन दुसऱ्या धाटणीच्या इंजिनाला तशी दिसेलच असं नाही. वर अजून, एकाच संचावर वर्षानुवर्षं बदल तपासत राहिलं तर इंजिन हळूहळू त्या संचाच्या सवयीचं होत जातं, कुणी लबाडी न करताही. जो बदल त्या संचावर चालला तो ठेवला, जो चालला नाही तो टाकला, असं हजार वेळा झाल्यावर तो संच म्हणजे पेपर राहत नाही, क्लासच्या नोट्स होतात. म्हणून सुधारणा करायला वापरायचा संच एक, आणि शेवटी रेटिंग ठरवायचा संच दुसरा, जो डेव्हलपरने पाहिलेला नाही, हे मला बंधनकारक असावं असं वाटतं. सध्याच्या चॅटवाल्या एआय कंपन्यासुद्धा परीक्षेतले मार्क मिरवतात तेव्हा हाच प्रश्न विचारायला हवा, पण तो वेगळा विषय, तिकडे गेलो तर परत यायचो नाही.

आता समोरच्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा. ते म्हणतात ओपनिंग हा बुद्धिबळाचाच भाग आहे, विश्वनाथन आनंद काय सुरुवातीच्या चाली पटावर बसून शोधायचा? घरी तयारी करूनच यायचा ना? मग इंजिनाने तयारी करून आलं तर बिघडलं कुठे? मुद्दा खरा आहे, आणि माणूस विरुद्ध मशीन असा सामना असेल तर फारच खरा. २००६ मध्ये जर्मनीत बॉनला जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झ या इंजिनाशी खेळला तेव्हा नियम असा होता की मशीन जोवर पुस्तकातून खेळतंय तोवर ते पुस्तक क्रामनिकला समोर स्क्रीनवर दिसणार. मला तो नियम फार आवडला होता. मशीनकडे उघडं पुस्तक आहे तर माणसालाही ते दिसू दे, आणि कुठल्या चालीला मशीनचं स्वतःचं डोकं सुरू झालं तेही सगळ्यांना कळू दे. (त्याच मॅचमध्ये क्रामनिकला एका चालीतली मात दिसली नाही, दुसऱ्या डावात. पुस्तक बघून काही त्यावर इलाज होत नाही.)

पण आनंदची तयारी आनंदच्या डोक्यात असते. विसरला तर विसरला. इंजिनाची तयारी ही एक सुटी फाइल असते, आज या इंजिनाला जोडा, उद्या त्याला. जी वस्तू काढून दुसऱ्याला लावता येते तिचे मार्क पहिल्याच्या नावावर का चढवायचे? पाहिजे तर पुस्तकवाल्यांच्या वेगळ्या स्पर्धा घ्या, मस्त घ्या, मी पण बघीन. दोन याद्या ठेवा, एक गाईडसकट आणि एक गाईडशिवाय. एकाच आकड्यात दोन्ही कालवू नका एवढंच.

कुणी फिशर रँडमचा उपाय सांगेल. मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांची ९६० प्रकारे मांडणी, पुस्तकाचा प्रश्नच मिटला. फिशरने १९९६ मध्ये जाहीर केला तोही घोकंपट्टीला वैतागूनच. चांगली टेस्ट आहे, पण ती टेस्ट वेगळ्या खेळाची आहे. सिसिलियन किंवा किंग्ज इंडियन अशा नेहमीच्या ओपनिंगमधली प्याद्यांची रचना समजते का हे आपल्याला बघायचंय आणि त्या रचना तिथे आल्या तर आल्या. पूरक म्हणून ठेवा. चेकर्स या सोंगट्यांच्या खेळवाल्यांचं मला जास्त कौतुक वाटतं, अमेरिकेत त्यांनी १९३४ पासूनच मोठ्या स्पर्धांमध्ये पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरवायला सुरुवात केली, आणि प्रत्येक चिठ्ठीवर दोन डाव, बाजू बदलून. कारण तेच, चांगले खेळाडू सुरक्षित ओपनिंग पकडून बसायचे आणि सगळं बरोबरीत. कॉम्प्युटर यायच्या आधी, कागदाच्या चिठ्ठ्यांवर सोडवलेला प्रश्न आहे हा.

आणि हे सगळं फक्त इंजिनवेड्यांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियात बटुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या तीन घरांत त्याच आठवड्यात पट आले, आणि पटामागोमाग ॲप. ॲपच्या जाहिरातीत '३५०० रेटिंग' लिहिलेलं. शेजारच्या वहिनी मला विचारतात, "भाऊजी, याचं पस्तीसशे आहे आणि त्याचं बत्तीसशे, मग पस्तीसशेवालंच घेऊ ना?" काय सांगणार? ते पस्तीसशे कुणाशी खेळून आले, किती डाव, ओपनिंग कुणी निवडलं, घड्याळ कुठलं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. आणि इंजिनं आपापसात खेळून जे रेटिंग मिळवतात त्याचा माणसांच्या फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंगशी थेट संबंधही नसतो, तरी लोक कार्लसनच्या आकड्याशेजारी तो ठेवून बघतात. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय आहे, साखर किती ते छापायला लागतं. रेटिंगखाली चार ओळी छापायला काय जातं: डाव किती, चुकीची मर्यादा किती, ओपनिंगचा संच कुणाचा आणि किती चालींचा, बाजू बदलून खेळवलं का.

ओपनिंगचा संच किती चालींचा असावा यावर माझं मत चार ते आठ, फार तर दहा. वीस चालींचा संच दिला तर इंजिनाला ओपनिंग कळतं की नाही हे तपासलंच जात नाही, अर्धा पेपर आपणच सोडवून दिला. दोन चालींचा दिला तर परत तेच ते डाव. यावर वाद घालायला लोक येतील, येऊ देत.

भाच्याला मी २५० पोझिशनचा संच करून दिला, म्हणजे खरं तर दिला नाही, त्याचं इंजिन माझ्याकडे मागवलं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर लावलं, दोन्ही बाजूंनी, ५०० डाव, दोघांचीही पुस्तकं बंद, नोडऐवजी घड्याळावर. लॅपटॉपचा पंखा दोन रात्री असा घरघरत होता की बायको उठून हॉलमध्ये झोपायला गेली. निकाल २५५–२४५, ५१ टक्के. इलो सात, कमीजास्त बावीस. म्हणजे आहे की नाही तेच माहीत नाही.

फोनवर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं मामा, ती २५० ची फाइल मला पाठव ना, मी त्यावर जरा सुधारणा करतो आणि मग परत टेस्ट करू."

नाही पाठवली.